भातात सापडलेला कोअर : आमच्या उद्योजक संघटनेच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आपली लघुउद्योजकांची संघटना, बेळगाव

स. न. वि. वि.

वार्षिक सभेत पर्यावरण व्यवस्थापनाचा विषय निघाला आणि दहा मिनिटांत संपला. उपसमितीनं सहा महिने बसून प्रस्ताव तयार केला होता. पंधरा-वीस लहान फौंड्र्यांनी, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या आपल्या कारखान्यांनी, मिळून एक प्रशिक्षित इंजिनिअर ठेवायचा, वापरलेल्या वाळूसाठी एक सामायिक यार्ड करायचं आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीनं नोंदी ठेवायच्या, एवढाच तो प्रस्ताव. तुम्ही तो अंदाजपत्रकातून वगळला. ज्याला गिऱ्हाइकासाठी पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र हवं त्यानं स्वतःच्या खर्चानं घ्यावं, कागदासाठी संघटनेचा पैसा नको, असं व्यासपीठावरून सांगण्यात आलं. हात वर झाले, ठराव मंजूर झाला आणि सभा जेवणाकडे वळली.

मी त्या वेळी उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून आज लिहितोय. सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण हा विषय एकट्या सभासदांचा राहिलेला नाही. आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांचाही तो आहे.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो. वडील उद्यमबागेत फेटलर होते. कास्टिंगवरची, म्हणजे साच्यातून निघालेल्या ओतीव भागावरची, काटं ग्राइंडरनं घासायची, दिवसभर. संध्याकाळी घरी आले की पापण्यांवरसुद्धा वाळूची पूड असायची. आज दोन जिने चढले की ते मध्ये थांबतात. त्यांच्याच पुंजीवर आम्ही भावांनी शेड घेतली, अर्ध्या टनाची इंडक्शन भट्टी बसवली. पंप आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हची कास्टिंग्ज करतो. महिन्याला साठेक टन माल निघतो. आणि आमच्या घरची दोन एकर जमीन येळ्ळूर रस्त्याच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या काठी आहे. ती आत्ती कसते. बेळगाव बासमतीचं हे शिवार. पूर्वी शिजत्या भाताचा वास गल्लीच्या टोकापर्यंत यायचा, हे तुमच्यातल्या प्रत्येकाला आठवत असेल.

2019 च्या ऑगस्टमधला पूर तुम्ही विसरला नसाल. पाणी ओसरल्यावर मी शेतावर गेलो. भात आडवं झालं होतं आणि बांधाच्या आत बोटभर काळा थर बसला होता. आत्ती गुडघाभर चिखलात उभी होती. तिनं पदरातून एक वस्तू काढून माझ्या हातात ठेवली. "हे बघ रे बाळा, पायाला लागलं. तुमच्यातलं हाय काय हे?"

तो कोअर होता, म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा घट्ट ठोकळा. तळहाताएवढा, एका बाजूनं मोडलेला, रेझिननं म्हणजे चिकट रसायनानं बांधलेला, म्हणून पाण्यात विरघळला नव्हता. आमच्या एका जुन्या कोअर बॉक्सच्या, म्हणजे कोअर घडवायच्या पेटीच्या, कोपऱ्याचा टवका उडालाय, त्यामुळे निघणाऱ्या प्रत्येक कोअरवर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा येतो. त्या कोअरवर तो उंचवटा होता. दुसऱ्या कुणाचा असेल, असं म्हणायला मला जागाच राहिली नाही.

आमची वाळू आमच्याच शेतात आली होती. ट्रॉलीवाल्याला आम्ही खेपेप्रमाणे पैसे द्यायचो आणि तो कुठं रिकामी करतो हे कधी विचारत नव्हतो. तुमच्यातले किती जण विचारतात?

हे सगळं मी दुसऱ्यांवर बोट ठेवायला सांगत नाही. त्या दिवसापर्यंत मलाही पर्यावरण व्यवस्थापन म्हणजे कन्सल्टंटनं आणून दिलेली जाड फाइल वाटायची. आज मला तसं वाटत नाही. त्याची कारणं माझ्या शेडमध्ये आहेत, वहीत लिहिलेली आहेत.

आयएसओ 14001, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक, ही काय चीज आहे याबद्दल सभेत बरेच गैरसमज ऐकले. ब्रिटनमध्ये 1992 साली बीएस 7750 नावाचं मानक आलं, त्याच वाटेनं पुढं 1996 मध्ये आयएसओ 14001 प्रसिद्ध झालं. 2004 आणि 2015 मध्ये त्यात सुधारणा झाल्या. चिमणीतून किती धूर सोडायचा, नाल्यात काय जाऊ द्यायचं, याचे आकडे त्यात नाहीत. ते आकडे कायद्यातून येतात. 1974 चा पाण्याचा कायदा, 1981 चा हवेचा आणि 1986 चा पर्यावरण संरक्षणाचा. मानक एवढंच सांगतं की आपल्या कामानं कुठं काय बिघडतं ते आधी शोधा. त्यातलं मोठं कुठलं ते ठरवा. कायद्यानं आपल्यावर काय बंधन आहे ते लिहून ठेवा. मग उद्दिष्ट ठरवा, मोजा, चुकलं तर कारण शोधून दुरुस्त करा, आणि मालकानं स्वतः बसून त्याचा आढावा घ्या. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. मालक बसला नाही तर बाकीचं सगळं रद्दी.

आमच्याकडे याची सुरुवात शंभरपानी वहीनं झाली. माल आत येतो तिथपासून गाडी बाहेर पडेपर्यंत शेडमध्ये काय काय होतं, ते मी आणि साचे करणारे आमचे जुने मोल्डर मामा, दोघांनी मिळून लिहून काढलं. वाळू, बेंटोनाइट, कोल डस्ट, रेझिन, पाणी, वीज, स्क्रॅप, स्लॅग (वितळलेल्या लोखंडावरची मळी), धूर, आवाज. प्रत्येकापुढे तीन रकाने : किती लागतं, किती वाया जातं, जातं कुठं. तिसरा रकाना बहुतेक कोराच राहिला. वीस वर्षं धंदा करून त्या रकान्यात लिहायला आमच्याकडे काही नव्हतं.

वाळूचंच बघा. आपल्यातले बरेच जण सिलिका वाळू सिंधुदुर्गातून, कासार्ड्याकडून आणतात. तिथं ती जमिनीतून खणली जाते, धुतली जाते, ट्रकमध्ये भरून घाट चढून बेळगावला येते. त्या प्रत्येक टप्प्याचे पैसे आपण देतो. मग साच्यात वापरून, ट्रॉलीचे पुन्हा पैसे देऊन, टाकून देतो. विकत घेतलेला माल पैसे देऊन फेकण्याचा असा धंदा दुसऱ्या कुणी केला तर आपणच त्याला समजावायला जाऊ.

ग्रीन सँडची, म्हणजे बेंटोनाइट माती आणि पाणी घालून मळलेली, वाळू परत परत वापरता येते, तशी आपण वापरतोही. अडचण होते ती मिसळीमुळे. फोडलेल्या साच्याची वाळू, कोअरची रेझिनवाली वाळू, फेटलिंगखालची धूळ, भट्टीचं स्लॅग आणि चहाचे कागदी कपसुद्धा एकाच ढिगात जातात. त्या ढिगातून पुढं काहीच करता येत नाही. रेझिनची वाळू घासून किंवा तापवून साफ करता येते. तापवण्याच्या पद्धतीत सातशे अंशांच्या आसपास रेझिन जळून जातं आणि दाणा पुन्हा उघडा पडतो. पण त्या यंत्रापर्यंत वाळू वेगळी होऊन पोचली पाहिजे. कोल्हापूरच्या फौंड्री क्लस्टरनं सामायिक वाळू रिक्लेमेशन, म्हणजे वाळू साफ करून परत वापरायची सोय, उभं केलं, ते याच हिशेबावर. आपली पोरं तिथं जाऊन बघून येतात, कौतुक करतात आणि परत येऊन त्याच एका ढिगात फावडं मारतात.

आम्ही तीन हौद बांधले. विटांचे, कंबरेएवढे. एकावर काळी पट्टी, एकावर लाल, एकावर पांढरी, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कुठलं कुठं ते कळावं. पहिले पंधरा दिवस भांडणं झाली. मोल्डर म्हणायचे, आमचा टनावर पगार, वाळू निवडत कधी बसू? म्हणून आम्ही शेवटची पंधरा मिनिटं त्याच कामासाठी धरली आणि ती पगारात मोजली. पूर्वी नव्या वाळूचा ट्रक आठ दिवसांनी लागायचा, आता अकरा-बारा दिवसांनी लागतो. काळ्या हौदातली जादा वाळू फरसबंदीचे ठोकळे करणारा एक पेव्हरवाला स्वतःच्या गाडीनं नेतो. ट्रॉलीचा खर्च बंद झाला. रेझिन वाळूचा लाल हौद मात्र भरत चाललाय. त्याचं मी एकटा काही करू शकत नाही, कारण माझ्या एकट्याच्या रेझिन वाळूसाठी कुणी रिक्लेमेशनची गाडी पाठवणार नाही. वीस जणांची एकत्र झाली तर पाठवेल. सामायिक यार्ड हवं ते यासाठी, आणि तुम्ही ते कागद म्हणून वगळलंत.

आता विजेकडे येतो. एका सुट्टीच्या दिवशी मी शेड उघडली. भट्टी बंद, वाळू मळायचं मुल्लर बंद, माणूस नाही. फक्त कॉम्प्रेसर चालू केला आणि उभा राहिलो. सगळीकडून हवा गळल्याचं सूं-सूं ऐकू येत होतं. कामाच्या दिवशी त्या गोंगाटात हा आवाज कधीच कानावर पडला नव्हता. बादलीत साबणाचं पाणी केलं, रंगाचा जुना ब्रश घेतला आणि प्रत्येक जोडावर फिरवत गेलो. जिथं बुडबुडे आले तिथं मामांनी खडूनं गोल काढला. चौदा गोल झाले.

7 बार दाबाला 3 मिलिमीटरचं एक भोक असेल तर त्यातून साधारण 3 किलोवॉट वीज वाया जाते. दोन पाळ्यांचे 16 तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 14,400 युनिट होतात. 8 रुपयांच्या हिशेबानं 1 लाख 15 हजार रुपये. एका भोकाचे. आमच्या चौदापैकी बहुतेक बारीक होते, दोन मात्र एवढे मोठे होते. दुरुस्तीला लागली ती टेफ्लॉन टेप, काही क्लॅम्प, नवा होज आणि एक दुपार. मोजमाप हा शब्द सभेत तुम्हाला जड वाटला. मला तो त्या दिवशी साबणाच्या पाण्यात दिसला.

भट्टीचंही तसंच. एक टन लोखंड वितळवून ओतण्याच्या तापमानाला न्यायला शास्त्राप्रमाणे सुमारे 400 युनिट पुरावेत. प्रत्यक्षात आपल्या फौंड्र्यांत 550 ते 700 आणि कधी त्याहून जास्त लागतात. मधला फरक जातो कुठं? झाकण उघडं राहतं, स्क्रॅप गंजकं-वाळूचं असतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे लोखंडाचा रस तयार होऊन साच्यांची वाट बघत बसतो. आम्ही भट्टीजवळ एक काळा फळा लावला. प्रत्येक हीटला, म्हणजे वितळवण्याच्या प्रत्येक फेरीला, किती युनिट, किती किलो, रस किती मिनिटं थांबला, एवढं तिथला माणूस लिहितो. सुरुवातीला टनाला 720 च्या घरात आकडा होता. आठ महिन्यांनी 640 वर आला. नवीन यंत्र घेतलं नाही. साचे तयार झाल्याशिवाय भट्टीत शेवटचा चार्ज, म्हणजे वितळवायचा माल, टाकायचा नाही, एवढा एक नियम केला आणि झाकण दुरुस्त करून घेतलं. साठ टनाला टनामागे 80 युनिट धरले तर महिन्याला 4,800 युनिट होतात. तेवढ्यानं हेस्कॉम वीजकंपनीच्या बिलात काय फरक पडतो ते तुम्हीच काढा.

एवढं आतल्या फायद्याचं झालं. बाहेरून काय येतंय तेही बघा.

1999 मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांना 14001 घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा आपल्याला ती लांबची गोष्ट वाटली होती. आता सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळानं, शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून वीज, पाणी, कचरा, कार्बन यांचा हिशेब दरवर्षी जाहीर करायला लावलाय. त्या कंपन्या तो हिशेब पुढं आपल्या पुरवठादारांकडे मागतात. ट्रॅक्टरवाले, पंपवाले, गाड्यांचे कारखाने, आपली सगळी मोठी गिऱ्हाइकं त्यात आली. युरोपियन युनियननं 1 ऑक्टोबर 2023 पासून लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालाच्या आयातदारांकडून त्या मालामागच्या कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली. गेल्या वर्षी आमच्या एका पुण्याच्या गिऱ्हाइकानं चार पानी प्रश्नावली पाठवली. टनामागे किती युनिट? वाळू किती नवी, किती परत वापरलेली? कचरा कुठं जातो, पावती आहे का? वही होती म्हणून मी दोन दिवसांत भरून दिली. माझ्या शेजारच्या शेडवाल्याला तीच प्रश्नावली आली होती. त्याचं काम माझ्यापेक्षा सुबक, मी ते कबूल करतो. त्याच्याकडे आकडे नव्हते. तो आजही ती टेबलावर ठेवून बसलाय.

संमतीपत्र लागणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी 30 सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरण, म्हणजे आपण ज्याला फॉर्म पाच म्हणतो ते, प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावं लागतं. पाणी किती, कच्चा माल टनामागे किती, कचरा किती आणि कुठं गेला, हेच तर त्यात विचारलेलं असतं. आपण काय करतो? गेल्या वर्षीचा फॉर्म काढतो, आकडे जरा इकडेतिकडे करतो आणि सही ठोकतो. मीही केलंय. मालक म्हणून आपण ज्यावर सही करतो तो आकडा खरा आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नसणं, ही गोष्ट मला आता झोपू देत नाही.

आता माझ्या तक्रारी. त्या स्पष्टच मांडतो, राग मानू नका.

पहिली : तुम्ही व्यवस्था आणि प्रमाणपत्र यांची गल्लत केलीत. प्रमाणपत्र हा व्यवस्थेचा शेवटचा आणि पाहिजे तर घ्यायचा भाग आहे. उपसमितीनं प्रमाणपत्राचे पैसे मागितलेच नव्हते. तिनं मागितला होता एक माणूस, एक यार्ड आणि एकसारखी वही.

दुसरी : व्यवस्थेला पैसा नाही म्हणणाऱ्या संघटनेनंच मागे झटपट प्रमाणपत्र देणाऱ्या एका कन्सल्टंटला सभासदांपुढे उभं केलं होतं. आठ-दहा दिवसांत, शेड न बघता, नाव बदललेली तीच फाइल. अशी प्रमाणपत्रं भिंतीवर आणि वाळू नाल्यात, असे कारखाने मी डोळ्यांनी पाहिलेत. पर्यावरण व्यवस्थापन म्हणजे कागद हा तुमचा समज तिथूनच आला असेल, तर चूक त्या दुकानदारीची आहे, मानकाची नाही. खरं प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं, दरवर्षी ऑडिटर येऊन तपासून जातो आणि ते देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या मंडळाची मान्यता असावी लागते.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात लागते : भाषा. जिथं फाइल आहे तिथंही ती इंग्रजीत आहे. आपल्या शेडमध्ये मराठी बोलणारे मजगाव-येळ्ळूरचे आहेत, कन्नड बोलणारे बैलहोंगल-गोकाकचे आहेत, आणि आता हिंदी बोलणारी बिहार-ओडिशाची पोरं आहेत. रेझिनचा डबा सांडला तर काय करायचं, हे इंग्रजी फाइलच्या तिसऱ्या प्रकरणात लिहून काय उपयोग? सीमाभागात भाषेवरून आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलोय. मग मोल्डरला त्याच्या भाषेत दोन ओळी द्यायला आपल्याला काय होतं? आमच्या शेडमध्ये कार्डं आहेत, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, वर चित्र. कन्नड बाजू आमच्या एका फेटलरच्या शाळकरी मुलीनं लिहून दिली. दोन आठवड्यांत झालं.

चौथी : शेजारच्या गावांशी तुम्ही बोललाच नाहीत. अनगोळ, मजगाव, वडगाव, शहापूर, येळ्ळूरचे शेतकरी वर्षानुवर्षं नाल्याच्या पाण्याबद्दल ओरडतात. त्या पाण्यात शहराचं सांडपाणी आहे, अतिक्रमणं आहेत, गाळ आहे, हे सगळं खरं. म्हणून आपला वाटा सुटत नाही. बळ्ळारी नाला मार्कंडेय नदीला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. आपल्या कुंपणाबाहेर टाकलेलं तिथं संपत नाही.

लहान कारखान्याला हे परवडत नाही, असं सभेत पुन्हा पुन्हा आलं. मी तुमच्यातल्या बहुतेकांपेक्षा लहान आहे. मला तर उलट दिसलं : मोठ्या कारखान्याला वाया गेलेली वाळू सोसते, मला सोसत नाही. आणि सरकारची झेड योजना आहे, झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट, म्हणजे मालात दोष नको आणि पर्यावरणावर वाईट परिणाम नको. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पायऱ्या. एप्रिल 2022 मध्ये ती नव्या रूपात आली तेव्हा प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के, लघुउद्योगाला 60 आणि मध्यमला 50 टक्के सवलत ठेवली. ब्राँझचं शुल्क मुळात 10 हजार. एवढ्यात आपण दिवाळीची बोनसपाकिटंसुद्धा भरत नाही. संघटनेनं एक दिवसाचं शिबिर घेतलं असतं तर निम्मे सभासद पहिली पायरी चढले असते.

डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग गावाबद्दल मी एका प्रशिक्षणात ऐकलं, ते डोक्यातून जात नाही. तिथल्या वीजकेंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना जाते आणि पूर्वी त्याच्या धुरातून निघणारं जिप्सम भिंतीचे बोर्ड करणाऱ्याला जायचं. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल, आणि मध्ये रीतसर करार. आपल्याकडे फौंड्री आहे, पेव्हरवाले आहेत, वीटभट्ट्या आहेत, रस्त्यांची कामं कायम चालू आहेत. मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, दर वर्षी प्रकल्प शोधत हिंडणारी शेकडो मुलं आहेत. आपल्या वाळूत काय किती उरतं, ती विटेत चालते का, हे तपासायला लांब जायला नको. कुणीतरी बसून जोडून द्यायला हवं, आणि ते काम संघटनेचंच आहे. एकटा सभासद ते करू शकत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

1. सभेतला ठराव फेरविचारासाठी पुढच्या कार्यकारिणीत घ्या, आणि उपसमितीचा मूळ प्रस्ताव सगळ्या सभासदांना छापून द्या. बहुतेकांनी तो वाचलेलाच नाही.

2. तयार असलेल्या पंधरा-वीस फौंड्र्यांसाठी एक सामायिक पर्यावरण इंजिनिअर एका वर्षासाठी नेमा. खर्च प्रत्येकानं टनेजप्रमाणे उचलावा. पहिला हिस्सा मी भरतो.

3. वापरलेल्या वाळूसाठी यार्ड, वाळूच्या प्रकाराप्रमाणे वेगळे कप्पे, आणि प्रत्येक ट्रॉलीमागे पावती : कुठून निघाली, कुठं रिकामी झाली. रात्री नाल्याकाठी वाळू टाकणारा आपला सभासद निघाला तर संघटनेनंच त्याला आधी लेखी समज द्यावी.

4. कामाच्या सूचना, आणीबाणीची कार्डं आणि नोंदवह्या मराठी आणि कन्नड दोन्हींत. आमच्याकडची कार्डं मी फुकट देतो, सुधारून घ्या.

5. मान्यता नसलेल्या संस्थांच्या प्रमाणपत्रांची जाहिरात संघटनेच्या व्यासपीठावरून बंद करा.

6. फेटलिंग आणि शेकआउटच्या, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढण्याच्या, जागी धूळ खेचणारी यंत्रणा आणि कामगारांची वर्षातून एकदा छातीची तपासणी, एवढं या व्यवस्थेत पहिल्या वर्षाच्या उद्दिष्टांत धरा. सिलिकाची धूळ एकदा फुप्फुसात बसली की कुठलंही औषध ती काढू शकत नाही. वडिलांच्या खोकल्यावर आम्ही सगळे दवाखाने करून बसलोय.

7. वर्षातून दोनदा आढावा घ्या आणि त्या बैठकीला मजगाव, अनगोळ, वडगाव, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बोलवा. आपले आकडे त्यांना दाखवा. वाईट असले तरी दाखवा.

यातल्या बहुतेक गोष्टींना बाहेरून परवानगी आणावी लागत नाही. सुरुवात आपल्या हातात आहे, आणि आपण पुढाकार घेतला तर उद्या प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलताना आपल्या हातात काहीतरी असेल.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीला मी येणार आहे. सोबत ती वही असेल आणि तो कोअरही असेल. आत्तीनं दिल्यापासून तो माझ्या टेबलावरच आहे. तोपर्यंत ज्यांना बघायचं असेल त्यांनी पुढच्या कुठल्याही सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला शेडवर यावं. कॉम्प्रेसर चालू ठेवतो, साबणाचं पाणी तयार ठेवतो. तुमच्या शेडमध्ये करायचं असेल तर ब्रश घेऊन मामांना आणि मला बोलवा, आम्ही येतो.

आपला सभासद,
एक लहान फौंड्रीवाला
उद्यमबाग, बेळगाव